चाकावर फुटलेलं खापर

मित्रांनो, हॉस्पिटलात तुम्ही मला नक्की पाहिलं असेल, पण मी तुमच्या लक्षात राहिले नसेन. मी औषधांची ट्रॉली आहे. वय एकोणीस वर्षं. माणसांत हे वय कोवळं समजतात, ट्रॉलीत ते म्हातारपण असतं. पुरुषांच्या वॉर्डातल्या अठ्ठावीस खाटा आणि त्यांच्यामधली लांब वाट एवढंच माझं जग होतं. वॉर्डाच्या दारात, दोन फरशांच्या सांध्यावर, बोटभर उंचीची लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. ती काही माझ्या चाकांना कधी ओलांडता आली नाही. पेशंट आले, बरे होऊन गेले, काही बरे न होताच गेले. मी आपली पट्टीपर्यंत जायची आणि तोंड वळवून परत यायची.

सध्या माझा मुक्काम तळघरातल्या अडगळीच्या खोलीत आहे. बाहेरून कुलूप असतं. मला इथे का आणून टाकलं, याचा एक कागद झालेला आहे आणि त्यात माझ्या चाकाबद्दल लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. तरीही तो कागद माझ्या मनाला लागला, म्हणून ही हकीकत सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. वेल्डिंग करणारे एक काका आणि रंग देणारी त्यांची बायको, एवढी दोघंच तिथे होती. चारही चाकं बसवून झाल्यावर काकांनी मला एका बोटाने ढकललं आणि मी समोरच्या भिंतीपर्यंत सरळ रेषेत गेले.

"पळतेय बघ," काका म्हणाले.

"पळायलाच हवं तिला. हॉस्पिटलात बसून कुणाचं भागतंय?" काकू म्हणाल्या आणि माझ्या कडेवर उडालेला रंगाचा थेंब त्यांनी पदराने पुसला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. पुढे काय वाढून ठेवलंय याची तेव्हा मला काही कल्पना नव्हती.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. दुपारच्या ड्यूटीला तिघी सिस्टर असायच्या. एक मला ढकलायची, दुसरी केसपेपर वाचायची, तिसरी पेशंटच्या हातावर गोळी ठेवून ती घशाखाली उतरेपर्यंत उभी राहायची. मधूनच हशा पिकायचा. पेशंटही त्यात सामील व्हायचे. मग तिघींतली एक निवृत्त झाली आणि तिच्या जागी कुणी आलं नाही. दुसरी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि रजा संपल्यावर तिला दुसऱ्याच वॉर्डाने पळवलं. कागदावर त्या जागांपुढे 'रिक्त' असं लिहून ठेवलं गेलं. जागा रिकाम्या राहिल्या तरी त्यांचं काम काही रिकामं राहिलं नाही. ते सगळं माझ्या सिस्टरच्या अंगावर पडलं.

माझी सिस्टर म्हणजे कोण, ते सांगते. पेशंट तिला 'घड्याळवाल्या सिस्टर' म्हणायचे. हात धुताना मनगटावरचं घड्याळ मध्ये येतं, म्हणून ती छातीवर पिनेने एक उलटं घड्याळ लावायची. उलटं ते समोरच्याला, तिने मान खाली घातली की तिला सुलटं दिसायचं. ती या वॉर्डात आली त्याला अकरा वर्षं झाली. आली तेव्हा प्रत्येक खाटेपाशी दोन शब्द बोलायची. आजोबा, नातू आला होता का भेटायला? काका, आज डाळ तिखट होती ना? पुढे पुढे ती प्रश्न विचारायची आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळी व्हायची. "झोप लागली का? लागली ना, छान." तोवर ती पुढच्या खाटेशी पोचलेली असायची. तिला माणसांचा कंटाळा आला होता असं कुणी समजू नका. तिच्याकडे वेळच नव्हता.

दुपारी दोनला ती पाण्याची भरलेली बाटली माझ्या खालच्या खणात ठेवायची आणि रात्री नऊला तशीच भरलेली घरी न्यायची. पाणी प्यायलं की बाथरूमला जाणं आलं, आणि तेवढ्यात कुणाची सलाईन संपली तर? या खालच्या खणात नियमाप्रमाणे बँडेज ठेवायची होती. प्रत्यक्षात तिथे सिस्टर मंडळींचा संसार होता. कंगवा, बिस्किटांचा पुडा, सेफ्टी पिना, पाठीला चोळायचं मलम. एकदा माझ्या सिस्टरला उत्कृष्ट सेवेबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. तिने त्याची चौघडी केली आणि माझ्या खडखडणाऱ्या खणाखाली सारली. खडखड थांबली. प्रशस्तिपत्राचा तेवढा उपयोग मात्र झाला.

चार वर्षांपूर्वी माझं पुढचं डावं चाक अडकायला लागलं. मी मध्येच अडून बसायची आणि डावीकडे वळायची. सिस्टर बुटाच्या टोकाने चाक टोचायची, मग ते दहा पावलं नीट चालायचं. तिने दुरुस्तीचा अर्ज केला. स्टोअरमधून उत्तर आलं की चाकांचा पुरवठा झाल्यावर कळवू. असे तिने अकरा अर्ज केले आणि प्रत्येकाची कार्बन प्रत खालच्या खणात ठेवली. माझं भिजत घोंगडं तसंच राहिलं.

खरा नियम असा आहे, की ट्रॉली खाटेपाशी न्यायची, केसपेपर बघायचा, पेशंटला नाव विचारायचं आणि त्याच्या गोळ्या तिथेच वाटीत काढायच्या. एक खाट, एक वाटी. पण मी अडेलतट्टू झालेली. म्हणून वॉर्डातल्या सगळ्याच सिस्टरांनी एक युक्ती काढली. मला मधोमध उभं करायचं, माझ्या वरच्या ताटावर सहा वाट्या खाटांच्या क्रमाने मांडायच्या आणि त्या हातात घेऊन निघायचं. इन्चार्ज सिस्टरांना हे माहीत होतं. माहीत नसल्यासारखं त्या दाखवायच्या, कारण एकटीच्या ड्यूटीला दुसरा मार्ग त्यांनाही सुचत नव्हता.

आता तिच्या घरचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. तिला अकरा वर्षांची एक मुलगी आहे. ती बोलताना अडखळते. पहिला शब्द ओठांवर येतो आणि तिथेच अडून राहतो. शाळेत मुलं हसायला लागली, तेव्हा सिस्टरने तिला बोलण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली. रोज संध्याकाळी वीस मिनिटं मुलीसमोर बसा. घाई करू नका. घड्याळ बघू नका. तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

वॉर्डातल्या मावशी म्हणजे आयाबाई, सिस्टरची एकुलती एक मैत्रीण. चिठ्ठी मावशींना वाचून दाखवून सिस्टर म्हणाली, "चारातली एक तरी गोष्ट मला जमते का, सांगा बघू."

"सासूबाई आहेत ना घरी? त्यांना बसवा समोर," मावशी म्हणाल्या. सिस्टरचा नवरा परगावच्या कारखान्यात होता, पंधरा दिवसांनी एकदा यायचा.

"त्यांना ऐकू कमी येतं हो. पोरगी घाम गाळून एक वाक्य पूर्ण करते आणि त्या म्हणतात, काय?"

दोघी हसल्या. मग सिस्टरने माझं ताट पुसायला घेतलं. ते तिने मघाशीच पुसलं होतं.

संध्याकाळ हवी तर ओपीडीत बदली हवी. तिथे ड्यूटी सकाळी सुरू होऊन पाचला संपते. सिस्टरने चार वर्षं त्यासाठी अर्ज केले. दर वेळी एकच उत्तर यायचं की पर्यायी व्यवस्था झाल्यावर विचार करू. पर्यायी व्यवस्था म्हणजे तिच्या जागी येणारी दुसरी कुणीतरी. ती येईना, म्हणून हिला सोडेनात. "तुझ्यावर वॉर्ड टाकून निर्धास्त राहता येतं गं," असं मेट्रनबाई वर म्हणायच्या. चांगलं काम केलं हाच तिचा गुन्हा ठरला होता. दारातली पट्टी मला एकटीलाच अडवते असं मी समजत होते, ते तेव्हा चूक निघालं.

आणि एक दिवस ऑर्डर आली. पहिल्या तारखेपासून ओपीडी. मध्ये फक्त आठवडा होता. सिस्टरने तो कागद तीनदा वाचला आणि डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीशेजारी माझ्या खणात ठेवला. त्या दिवशी ती बाटलीतलं पाणी प्यायली. मलाही आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. ती जाणार होती, मी राहणार होते.

दोन दिवसांनी तो प्रसंग घडला. दुपारच्या ड्यूटीला दोघी होत्या, पण अडीच वाजता दुसरीला शेजारच्या वॉर्डात पाठवलं. तिथे तर एकही नव्हती. अठ्ठावीस पेशंट आणि एकटी सिस्टर. चारच्या गोळ्यांची वेळ झाली. तिने मला मधोमध उभं केलं आणि सहा वाट्या मांडल्या.

अकरा नंबरला एक बसकंडक्टर होते आणि बारा नंबरला एक शिंपीकाका. दोघंही आदल्या दिवशी भरती झालेले, आणि आदल्या दिवशी सिस्टरची सुट्टी होती. तिने त्यांचे चेहरे अजून पाहिले नव्हते. कंडक्टरांना डोक्यावरचा पंखा नको होता, शिंपीकाकांना तो हवा होता. म्हणून सकाळी दोघांनी आपसात समजुतीने खाटा बदलल्या आणि गप्पा मारत पडून राहिले. नावाच्या पाट्या आणि केसपेपर जिथल्या तिथे राहिले. कुणाला काही सांगावं, असं दोघांनाही वाटलं नाही.

सिस्टर अकरा नंबरची वाटी घेऊन गेली. "काका, नाव काय तुमचं?"

शिंपीकाकांची बोलायची रीत सावकाश होती. आधी घसा साफ करायचा, मग माणसाकडे नीट बघायचं, मग सुरुवात. "माझं नाव ना..."

तेवढ्यात वीस नंबरच्या पेशंटचा मेहुणा ओरडला, "सिस्टर, नळीत रक्त चढतंय इकडे."

"आले. घ्या काका, पाणी घ्या." वाटी काकांच्या ओठाला लागली आणि सिस्टर पळाली.

वीस नंबरचं काम उरकून ती बारा नंबरची वाटी घेऊन आली, तेव्हा कंडक्टर हसत म्हणाले, "या त्यांच्या असणार, बघा. आमची अदलाबदल झालीय सकाळीच."

मित्रांनो, अकरा वर्षांत मी माझ्या सिस्टरला एका जागी थिजून उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. त्या क्षणी पाहिली. कंडक्टरांच्या रक्तदाबाच्या दोन जोरदार गोळ्या शिंपीकाकांच्या पोटात गेल्या होत्या. मग ती हलली. डॉक्टरांना फोन, खाटेचं डोकं खाली, पाय वर, दर दहा मिनिटांनी रक्तदाब. काकांना घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. "सिस्टर, मी चाललो वाटतं," ते म्हणाले, आणि तिने त्यांचा हात घट्ट धरला. तिचा जीव टांगणीला लागला होता. मधल्या वेळात उरलेल्या सगळ्यांची कामंही तिने केली. ती कशी केली, हे तिलाही सांगता येणार नाही.

सातच्या सुमाराला काका सावरले आणि त्यांनी चहा मागितला. तरुण डॉक्टर म्हणाले, "ठीक आहेत आता. अशक्तपणाने चक्कर आली असं मी लिहितो. तुम्ही कशाला कागद रंगवताय?"

इन्चार्ज सिस्टर घरून धावत आल्या होत्या. त्यांनी माझ्या सिस्टरला माझ्यापाशी आणलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, पाच दिवस राहिलेत तुझे. आज लिहिलंस तर चौकशी लागेल. आणि चौकशी आहे तोवर कुणालाही हलवत नाहीत. काका बरे आहेत ना? मग गप्प बस. मला काही माहीत नाही."

"नऊला येणारी सिस्टर काकांना त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्याही देईल आणि रक्तदाब पुन्हा उतरेल. लिहिलं नाही तर तिला कसं कळणार?"

"तोंडी सांग."

"आणि तिने सकाळच्या सिस्टरला तोंडी सांगायचं? तिलाही वीस कामं असणार, सिस्टर."

माझ्या सिस्टरने खण उघडला, बदलीची ऑर्डर बाहेर काढली, बघितली आणि परत ठेवली. मग तिने माझ्या ताटावर घटना अहवालाचा फॉर्म पसरला. कशात काही न लपवता तिने लिहून काढलं. खाटा बदलल्या होत्या. ट्रॉली खाटेपाशी नेली नव्हती. शेवटी तिने लिहिलं, 'नाव विचारले. उत्तराला थांबले नाही.'

त्याच वेळी तिचा मोबाईल वाजला. मुलीचा होता. "आ... आ..."

"कधी येणार, हेच ना? उशीर होईल बाळा, आजीजवळ झोप," सिस्टर म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग तिची नजर स्वतःच लिहिलेल्या वाक्यावर गेली. ती तिथून हलेना. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत होता.

तीन जणांची समिती वॉर्डात आली. अधीक्षक, मेट्रनबाई आणि स्टोअरचे साहेब. अधीक्षकांनी विचारलं, "ट्रॉली खाटेपाशी का नेली नाही?"

"चाक अडकतं, सर."

"कळवलं होतंत?"

सिस्टरने अकरा कार्बन प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या. स्टोअरच्या साहेबांचा चेहरा उतरला. अधीक्षकांनी मला ढकलून पाहिलं. मी इमाने इतबारे डावीकडे वळून त्यांच्या बुटावर आदळले. त्यांचं समाधान झालं.

"त्या दिवशी ड्यूटीला किती जणी होत्या, तेही लिहा ना सर," सिस्टर म्हणाली.

मेट्रनबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. अधीक्षक फाईल मिटत म्हणाले, "तो विषय या समितीच्या कक्षेत येत नाही."

अहवालात सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. नादुरुस्त चाकामुळे कार्यपद्धतीचा भंग झाला, सबब ट्रॉली मोडीत काढण्यात यावी. संबंधित परिचारिकेला समज देण्यात यावी. चौकशीची फाईल बंद होईपर्यंत तिची बदली स्थगित. चार वर्षांत ज्यांना एक चाक मिळालं नव्हतं, त्यांना आठ दिवसांत अख्खी नवी ट्रॉली मिळाली. मला दोघांनी उचलून त्या लोखंडी पट्टीवरून पलीकडे नेलं. एकोणीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो असा आला. मागे वळून बघायला मला मान नाही, पण सिस्टर दारात उभी असणार, एवढं मला ठाऊक होतं.

इथे मोडक्या स्टुलांच्या आणि गंजलेल्या कॉटच्या संगतीत मी दिवस काढते. मावशी अधूनमधून फुटकी बादली टाकायला येतात आणि माझ्याशी बोलल्यासारखं बडबडतात. त्यांच्याकडूनच कळलं की चौकशीची फाईल बंद झाली, पण तोवर ओपीडीतली जागा दुसऱ्या कुणालातरी दिली गेली. नवी ट्रॉली लोण्यासारखी चालते. सिस्टर आता नियमाप्रमाणे प्रत्येक खाटेपाशी जाते, नाव विचारते आणि उत्तराला थांबते. त्यामुळे चारच्या गोळ्या सहाला संपतात आणि उशीर का झाला, याचा लेखी खुलासा तिला रोज द्यावा लागतो. मधल्या काळात इन्चार्ज सिस्टरांनी दोन वेळा वरपर्यंत जाऊन माणसं मागितली. उत्तर काय आलं असेल, ते तुम्हीही ओळखलं असेल.

मागच्या आठवड्यात भर दुपारी कुलूप उघडलं आणि माझी सिस्टर आत आली. ड्यूटी सुरू व्हायला थोडा वेळ होता. घाईत मला हलवलं तेव्हा खण रिकामा करायचा राहून गेला होता. तिने कंगवा घेतला, पिना घेतल्या आणि मग डॉक्टरबाईंची चिठ्ठी तिच्या हाताला लागली. तिने ती वाचली. मग एक मोडकं स्टूल ओढलं आणि ती खाली बसली. मित्रांनो, माझी सिस्टर बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. बसल्यावर ती इतकी लहान दिसते, हे मला माहीत नव्हतं.

तिने छातीवरचं घड्याळ काढलं आणि माझ्या ताटावर पालथं ठेवलं. मग घरी फोन लावला.

"बोल बाळा. मी बसलेय."

पलीकडून आवाज आला. "आ... आ... आई..." आणि थांबला. सिस्टरचे ओठ हलले. पुढचा शब्द तिला सुचला होता, सवयीने तो तिच्या जिभेवर आलाही होता. तिने तोंडावर हात ठेवला. खोलीत एवढी शांतता झाली की वरच्या मजल्यावरच्या नव्या ट्रॉलीची चाकं ऐकू आली. मुलगी पुन्हा अडखळली, पुन्हा थांबली, पुन्हा सुरू झाली. सिस्टर वाट बघत राहिली.

"आई, तु... तुझा ड... डबा घ... घरीच राहिलाय."

वाक्य पूर्ण झालं. सिस्टर हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "हो गं. राहिलाच की," ती म्हणाली. "आणखी सांग."

आणखी दोन वाक्यं झाली. मग तिने घड्याळ उलटून पाहिलं, पिनेने पुन्हा छातीवर लावलं आणि चिठ्ठी खिशात घातली. जाताना तिने सवयीने माझं डावं चाक बुटाच्या टोकाने टोचलं. बाहेरून कुलूप लागलं. ती बसली होती ती सगळी मिळून चार मिनिटं. वीस नव्हती.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, एवढंच सांगून मला थांबता येत नाही. माझ्यासारख्या वस्तू मोडतात, आणि मोडल्या तर नव्या आणता येतात. पण उद्या हॉस्पिटलात एखादी सिस्टर तुमचं नाव विचारेल, तेव्हा तिला नीट सांगा. आणि सांगताना जरा वॉर्डभर नजर फिरवा. तुमचं उत्तर ऐकायला तिला थांबता यावं, एवढ्या जणी तिथे आहेत का, ते मोजा. माझं चाक मोजायला तिघं आले होते. सिस्टरांना मोजायला अजून कुणी आलेलं नाही.